कागदातल्या बांगड्या

"...आणि समजा, हा हात कापूनच टाकला, तर दुखायचं थांबंल का?"

जैतूनबीनं विचारलं बाईंना. उत्तर दिलं अभिरामनं.

"नाही थांबणार, चाची. कापलेला हातसुद्धा दुखतो. हात जातो, दुखणं मागं राहतं. तसे पेशंट असतात."

खरं असेल. पण अरे बाबा, खरं आहे म्हणून ते असं कुणाच्या तोंडावर फेकतात का?

जैतूनबीनं पदर हातावर आणखी ओढला.

बाई चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळत होत्या. बोटं न मिटणाऱ्या कुणाला तरी तो चमचा धरता यावा म्हणून.

मी कोपऱ्यात होतो, माझ्या खुर्चीपाशी.

मी खोत. एसटीवर ड्रायव्हर होतो. त्या सीटनं माझी कंबर खाल्ली. सगळे डॉक्टर झाले, लेप झाले, शेक झाले, आणि शेवटी ह्या वारणाकाठच्या दवाखान्यात आलो. जुन्या शाळेच्या दोन खोल्या. दारावर 'व्यवसायोपचार केंद्र' अशी पाटी. तो शब्द गावात कुणाच्या तोंडात बसत नाही, म्हणून सगळे 'बाईंचा दवाखाना' म्हणतात.

पहिल्याच दिवशी बाईंनी माझ्यापुढं एक मोडकी खुर्ची ठेवली आणि भिजवलेला वेत दिला. मी भडकलो. म्हटलं, मी औषधाला आलोय का कामाला?

बाई म्हणाल्या, "वेत वाळायच्या आत घ्या, खोत."

तेव्हापासून विणतोय. कंबर दुखते. खुर्ची होते.

असो. माझं काय घेऊन बसलात?

जैतूनबी ही आमच्या भागातली कासारीण. गावोगावच्या नवऱ्या मुलींचा चुडा भरला तो तिनंच. गेल्या उन्हाळ्यात मोरीत घसरली, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर झालं, हाड जुळलं. फोटोत सगळं जिथल्या तिथं. पण हात मात्र पेटलेला. सुजलेला, तुकतुकीत, लालभडक. पंख्याचा वारा लागला तरी ती ओठ चावायची. म्हणून तो हात कायम पदराखाली.

कुणाला हात लावू द्यायची नाही. नवऱ्याला नाही, लेकाला नाही. आणि अभिरामला तर अजिबात नाही.

अभिराम बाईंच्या हाताखालचा, शहरातून शिकून आलेला, परीक्षेत पहिला. पोरगा वाईट नव्हता, उगाच खोटं का बोला. पेशंटसाठी जीव टाकायचा. फक्त आपण हुशार आहोत हे त्याला एका क्षणासाठीही विसरता यायचं नाही, आणि आपल्या हातून बरा न झालेला पेशंट म्हणजे त्याला अपमान वाटायचा.

जैतूनबीसाठी त्यानं काय नाही केलं? परातीत तांदूळ घेऊन त्यात हात घालायला सांगितला. आरसा आणला, त्यात डावा हात बघत उजवा हलवा म्हणाला. फळीवरच्या लाकडी खुंट्या काढा-घाला म्हणाला.

"ह्या खुंट्या लावून काय माझ्या घरात लगीन हाय?" ती विचारायची.

आणि रोज शेवटी तो आपला हात पुढं करायचा. "चाची, हात द्या. मी हळूच धरतो. सैल सोडा. सैल..."

पदराखाली मूठ आणखीच आवळायची. बघवत नसे हो.

तर त्या दिवशी ती निरोप घ्यायला आली होती. लेक रफिक बाहेर रिक्षात बसला होता. इथून थेट शहरात, मोठ्या डॉक्टरकडं. जाऊन सांगणार होती, कापा. नाही म्हणाला तर दुसऱ्याकडं, तोही नाही म्हणाला तर तिसऱ्याकडं. नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं ते. तिचे डोळे बघितले तेव्हाच मला कळलं, ही कापूनच येणार.

"बाई," ती म्हणाली, "तुमी लई केलं. माझ्याच नशिबात नाही."

तिनं डाव्या हातानं पिशवीतून एक पुडकं काढलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, दोऱ्यानं बांधलेलं. टेबलावर ठेवलं. आत काच वाजली.

"हिरव्या हाईत. तुमच्या मापाच्या. तुमचा हात मोठा, म्हणून मुद्दाम हुडकून काढल्या. भरता तर येत नाहीत मला आता... कुणाकडनं तरी घालून घ्या."

बाईंनी चमचा खाली ठेवला.

"जैतून, तू आजवर कुणाला बांगड्या कागदात बांधून दिल्या आहेस?"

जैतूनबीची मान खाली गेली.

"न्हाई."

"का?"

"सासूनं शिकवलंय. काच हातात घालायची, हातावर ठेवायची न्हाई. कागदात बांधून देणारी दुकानदारीण. कासारीण नव्हं."

"मग मी कशी घेऊ?"

...

जैतूनबी रडायला लागली. आवाज न करता. डोळे पुसायला उजवा हात उठत नव्हता, आणि डाव्यात पिशवी होती. माझ्या हातातला वेत तसाच राहिला.

अभिराम उठला. "बाई, ह्या परिस्थितीत तिला बोलू नका असं. आज तिच्या हाताला कुठलाही ताण देणं चूक आहे."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "मग तुझा हात दे."

"काय?"

"हात. इकडं बस. जैतून, ह्याच्या हातात भर."

अभिराम लालबुंद झाला. मीसुद्धा दचकलो. आमच्याकडं बाप्याला 'बांगड्या भर' म्हणणं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. डेपोत एकदा ह्याच शब्दावरून दोन कंडक्टर एकमेकांच्या उरावर बसले होते.

जैतूनबीचं रडणं जागच्या जागी थांबलं.

"या अल्ला! बाप्याला?"

"बाई, बाहेर लोक बसलेत," अभिराम म्हणाला.

"असू देत."

"पण ह्यातून साध्य काय करायचंय? काही आधार आहे का ह्याला? मी कुठंही वाचलेलं नाही..."

"तू रोज तिचा हात मागतोस," बाई म्हणाल्या. "आज तुझा दे."

...

त्यानं एकदा दाराकडं बघितलं. मग आला, स्टुलावर बसला आणि हात पुढं केला. तोंड असं, की दात काढायला बसलाय.

जैतूनबीनं पुडकं दातानं सोडलं. डाव्या हातानं त्याचं बोट धरून पंजा उलटापालटा करून बघितला. आणि काय सांगू, बाईमाणूस बदललं हो. रडकी पेशंट गेली कुठल्या कुठं. डोळे बारीक करून ती त्याचा पंजा जोखत होती.

"बोटं लांब हाईत. हाड बारीक. अंगठ्याखाली जरा अडंल. बसतील."

एक बांगडी घेतली. बोटांवरून आत आली, आणि अंगठ्यापाशी अडकली.

"हात सैल सोड," ती म्हणाली.

"सोडलाय."

"कुठं सोडलायस? बघ की मुठीकडं."

त्यानं बघितलं. मूठ घट्ट होती. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू? पण अभिरामचं तोंड बघून ते गिळलं.

"मी सोडतोय, चाची. होत नाहीये."

"हां. होत नसतंय," जैतूनबी म्हणाली. अगदी सहज म्हणाली. "सोड म्हटल्यावर कुणाचाच हात सुटत नसतोय."

अभिरामनं तिच्याकडं बघितलं.

"इकडं बघू नको. बांगडीकडं तर बघूच नको. खिडकीकडं तोंड कर. घरी कोण कोण हाय?"

"आई. बाबा."

"आई बांगड्या घालती?"

"नाही. घड्याळ घालते."

"नुसतं घड्याळ! आणि सणासुदीला?"

"नवीन घड्याळ."

जैतूनबी हसली. खदाखदा हसली. त्या खोलीत तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

बांगडी तरी अडलेलीच. एका हातानं काय होणार? कासाराचं काम दोन हातांचं. एकानं पंजा दाबून लहान करायचा, दुसऱ्यानं काच सरकवायची. दुसरा हात होता पदराखाली.

"भ्या वाटतंय का तुला?" तिनं विचारलं.

"थोडं."

"कशाचं?"

"फुटेल. लागेल."

"लागंल की. फुटंल पण. माझ्या हातानं लई जणींना लागलंय. तू फकस्त हात वढू नको. वढला की जास्त लागतंय. मी हाय न्हवं हितं?"

अभिराम खिडकीकडं बघत म्हणाला, "चाची, मी तुम्हाला रोज सैल सोडा म्हणायचो... मला माहीतच नव्हतं हे इतकं..."

"गप. बोलू नको. न्हाई, बोल. बोल, आईचं सांग."

"ती कॉलेजात शिकवते. मी इथं आलो ते तिला पटलेलं नाही. इतका शिकून खेड्यात खुंट्या काढ-घाल करतोय म्हणते. रोज फोनवर मी सांगतो, आज अमका बरा झाला, आज तमका बरा झाला. तुमचं नाव मी तिला कधी सांगितलेलं नाही."

"का?"

"तुम्ही बऱ्या होत नाही."

...

असं काही हा पोरगा बोलेल, असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. आवाज फुटला होता त्याचा.

आणि तेवढ्यात पदर हलला.

उजवा हात बाहेर आला. तो कुणी मागितला नव्हता. सुजलेला, लाल, बोटं अर्धवट वाकलेली. आला, आणि अभिरामच्या पंजावर बसला. अंगठ्याखाली दाबलं, आत वळवलं. डाव्यानं काच सरकवली.

बांगडी गेली.

बाईंनी चमचा पुन्हा हातात घेतला होता आणि चिंधी गुंडाळत होत्या. खाली बघून. त्या मुद्दाम बघत नव्हत्या, असं मला वाटतं.

जैतूनबीच्या कपाळावर घाम फुटला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ओठ दाताखाली.

"चाची, दुखतंय?" अभिराम अजून खिडकीकडंच बघत होता. पण हात काय आलाय ते त्याला कळलं होतं. न कळायला काय झालं? ऊन लागावं तसा गरम होता तो हात.

"दुखतंय. तू हलू नको."

दुसरी बांगडी गेली. तिसरी अंगठ्यापाशी कट्कन तुटली. त्याच्या मनगटावर बारीकसं रक्त आलं.

"फुटली," अभिराम म्हणाला.

"फुटली म्हणत न्हाईत रे. वाढली म्हणत्यात." तिनं तुकडे बाजूला काढले आणि उजव्या अंगठ्यानं ती जागा दाबून धरली. तोच अंगठा, ज्याला पंख्याचा वारा सोसत नव्हता. "वढला न्हाईस हात. शाबास. बायका पण वढत्यात."

तिनं आणखी दोन भरल्या. हिरव्यागार चार बांगड्या, आणि वर त्याचा तो महागाचा स्वच्छ शर्ट. दारातून बाहेरची माणसं डोकावत होती. एक म्हातारी हसत होती. कुणी वावगं बोललं असतं तर मी खुर्चीच घातली असती डोक्यात, पण कुणी बोललं नाही.

"झालं," जैतूनबी म्हणाली, आणि जोरात श्वास सोडला.

बाईंनी मान वर केली. "अभिराम, बांगड्या भरून झाल्यावर काय करतात?"

त्याला ठाऊक नव्हतं. घड्याळवाल्या घरात कोण सांगणार?

मीच सांगितलं. "अरे, कासाराला नमस्कार करतात. चुडा भरला की नवरीसुद्धा वाकते."

तो स्टुलावरून उठला. वाकला. पायाला हात लावला. बांगड्या वाजल्या.

जैतूनबीनं डावा हात उचलला. मग थांबली. तो खाली घेतला, आणि उजवा त्याच्या डोक्यावर ठेवला.

"आता तुला काय आशीर्वाद देऊ? बायकांना देते तो तुझ्या कामाचा न्हाई." ती रडत होती आणि हसत होती. "हात चालता राहू दे, बेटा."

मला रडू आलं. लपवू कशाला? म्हातारा माणूस आहे, येतं.

तो सरळ झाला आणि लगेच त्याच्यातला डॉक्टर जागा झाला. डोळे चमकायला लागले.

"चाची! तुम्ही धरलात माझा हात! किती वेळ धरलात! आता कसं वाटतंय? कमी झालं ना दुखणं?"

जैतूनबीनं आपला हात पुढं धरून नीट बघितला. पुष्कळ दिवसांनी भेटलेल्या माणसाकडं बघतात तसं.

"न्हाई," ती म्हणाली. "वाढलंय. लई ठणकतंय."

अभिरामचा चेहरा उतरला. पार उतरला बिचाऱ्याचा.

बाहेर रफिकनं हॉर्न वाजवला.

जैतूनबीनं पिशवी खांद्याला लावली. टेबलावरच्या उरलेल्या बांगड्या पुन्हा कागदात गुंडाळल्या. दोरा बांधायला गेली, गाठ बसेना. दोन्ही हातांनी खटपट करत होती. मी उठणार होतो. बाईंनी नुसतं माझ्याकडं बघितलं. मी बसून राहिलो.

गाठ बसली. वेडीवाकडी, पण बसली.

पुडकं उचलून तिनं बाईंच्या खिडकीत ठेवलं.

"ह्या राहू द्यात हितंच. बाईंचा हात राहिलाय भरायचा. आज आता जमायचं न्हाई. उद्या येते."

"ये," बाई म्हणाल्या.

ती दाराबाहेर गेली. उजवा हात पदराखाली घेतला नव्हता. छातीशी धरला होता, उन्हात, उघडा. रफिक काहीतरी विचारत होता, शहराला उशीर होतोय म्हणून. तिचा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू आला.

"शहराचं ऱ्हाऊ दे. चल घरी."

रिक्षा वळली आणि गेली.



अभिराम बेसिनपाशी गेला. बांगड्या ओढायला लागला. निघेनात. साबण लावला, पाणी लावलं. अंगठा दुमडून बघितला, मनगट लाल केलं. भरणारीला जे येतं ते ह्याला कुठलं यायला? शेवटी ओला हात तसाच घेऊन बाईंसमोर येऊन उभा राहिला.

"बाई, मला कळत नाहीये. दुखणं वाढलं म्हणाली. वाढलं! मग ती उद्या कशाला येतेय? मग मी केलं काय? मी मोजायचं काय, लिहायचं काय? आईला सांगायचं काय?"

बाई चिंधीची शेवटची गाठ मारत होत्या.

"जैतूनबीचं नाव सांग," त्या म्हणाल्या.

"पण ती बरी नाही झालेली."

बाईंनी चमचा दोन बोटांत धरून बघितला. नीट बसलाय का ते.

अभिराम दारापर्यंत गेला, परत आला. बाहेर पुढचा पेशंट उठून उभा राहिला होता. खांदा धरलेला शिंपी होता तो.

"आणि हे?" अभिरामनं हात वर केला. बांगड्या खळकन कोपराकडं गेल्या. "हे निघत नाहीयेत, बाई. सगळे बघतायत. टोचतंय, वाजतंय. लक्षच लागत नाही दुसरीकडं. हे हातात असताना मी काम कसं करू?"

बाईंनी पहिल्यांदाच त्याचा तो हात आपल्या हातात घेतला. बांगड्या सरळ केल्या. जिथं काच लागली होती तिथलं रक्त पदरानं टिपलं.

"राहू देत," त्या म्हणाल्या. "वाजतील जरा. तू शिंप्याला आत घे."